पाऊस जानेवारीत का पडला? आरमध्ये फाइल, तारीख आणि आलेख दुरुस्त करताना

आर या आकडेवारीच्या संगणकीय भाषेत लाल अक्षरांत येणारी चूक फारशी घातक नसते. काम थांबतं, माणूस शोध घेतो, दुरुस्ती करतो. घातक असते ती मुकी चूक. फाइल उघडते, आलेख निघतो, रंगही छान दिसतात, आणि जुलैतला पाऊस जानेवारीत पडलेला असतो. हा लेख मुख्यतः अशा मुक्या चुकांसाठी आहे.

तो लिहिलाय तो कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या, शेतकरी उत्पादक कंपनीत नोंदी सांभाळणाऱ्या आणि गावात पावसाचा किंवा कामगंध सापळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या नवशिक्यांसाठी. आपल्याकडे आलेख शोभेसाठी काढत नाहीत. पावसाचा खंड किती दिवसांचा होता, पऱ्हाटीवर फवारणी कधी करायची, विम्याच्या अर्जासोबत काय जोडायचं, हे त्यावरून ठरतं. तारीख सरकली तर खंडही सरकतो, आणि त्याचा भुर्दंड कास्तकाराला पडतो.

दोन फाइली डोळ्यांसमोर ठेवू. पहिली, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महसूल मंडळाच्या रोजच्या पावसाची, १ जून ते ३० सप्टेंबर २०२३ या काळातली. दुसरी, बाजार समितीतल्या कापसाच्या आवकेची आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दरांची. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची. 'डॉट' म्हणजे टिंब. जिओम-कॉलसारख्या आज्ञांच्या नावांतली जोडरेघ म्हणजे अंडरस्कोर. आरला लहान आणि मोठी लिपी वेगळी कळते, म्हणून जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

सामान बसवताना

आधी आर, मग आरस्टुडिओ, म्हणजे आर सोयीने चालवायची खिडकी. दोन्ही फुकट आहेत आणि एकदा बसले की इंटरनेटशिवाय चालतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर टायडीव्हर्स हा अख्खा संच उतरवू नका. जीजीप्लॉट-टू (आलेखांसाठी), रीडएक्सएल (एक्सेलच्या फाइलींसाठी) आणि ल्युब्रिडेट (तारखांसाठी) ही तीन पॅकेजं आपल्या कामाला पुरतात. विंडोजवर बसवताना मध्येच 'सोर्सपासून बांधायचं का?' अशा अर्थाचा प्रश्न आला तर नाही म्हणा. तयार आवृत्ती उतरते आणि वेळ वाचतो.

आरची आवृत्ती ४.२ किंवा त्यापुढची असू द्या. २०२२मध्ये आलेल्या ४.२पासून विंडोज १०च्या अलीकडच्या आवृत्त्यांवर आर मुळातच यूटीएफ-८ ही सगळ्या लिपी साठवणारी पद्धत वापरतं. त्याआधीच्या आरमध्ये विंडोजवर 'पाऊस' लिहिलं की कंसात यू आणि आकडे अशी रांग दिसायची. जुन्या आरवर मराठीशी झगडण्यात दिवस घालवू नका, सरळ नवं बसवा.

फाइल सापडत नाही

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा संदेश म्हणजे आर ज्या फोल्डरात पाहतंय तिथे त्या नावाची फाइल नाही. गेटडब्ल्यूडी ही आज्ञा कंसासह चालवा, आर सध्या कुठे उभं आहे ते कळेल. मग लिस्ट डॉट फाइल्स चालवा, तिथे काय काय आहे ते दिसेल. बहुतेक वेळा उलगडा इथेच होतो. एकतर फाइल डाउनलोड्समध्येच पडलेली असते, नाहीतर तिचं नाव 'पाऊस डॉट सीएसव्ही डॉट टीएक्सटी' असतं आणि विंडोजने शेवटचा तुकडा लपवलेला असतो.

विंडोजचा पत्ता चिकटवला आणि 'हेक्स डिजिट्स'बद्दल काही विचित्र चूक आली, तर दोष पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघांचा आहे. आरमध्ये त्या रेघेला वेगळा अर्थ असतो. सगळीकडे सरळ तिरकी रेघ करा. त्याहून चांगलं म्हणजे आरस्टुडिओत प्रत्येक कामाचा वेगळा प्रोजेक्ट उघडा आणि फाइल त्याच फोल्डरात ठेवा. मग पत्ता लिहायची गरजच उरत नाही, नुसतं नाव पुरतं. पेनड्राइव्हवरून ते फोल्डर दुसऱ्याच्या संगणकावर नेलं तरी काम चालतं.

पडद्यावर बाणाऐवजी अधिकचं चिन्ह येऊन आर गप्प बसलं असेल, तर कुठला तरी कंस किंवा अवतरण उघडं राहिलंय. एस्केप दाबा आणि ओळ पुन्हा तपासा.

फाइल सापडते, पण आत भलतंच

आरने वाचण्याआधी फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडा. एवढ्या एका सवयीने निम्मी डोकेदुखी जाते. स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी दिसल्या तर ती खरी सीएसव्ही. सुरुवातीला पी-के आणि पुढे कचरा दिसला तर ती एक्सेलची फाइल आहे, कुणीतरी नुसतं नाव बदललंय. ती रीडएक्सएलने वाचा. टोकदार कंसांत 'टेबल', 'टीआर', 'टीडी' असं दिसलं तर ते वेबपान आहे. काही संकेतस्थळं 'एक्सेलमध्ये उतरवा' म्हणून हेच देतात. ती फाइल एक्सेलमध्ये उघडून नव्याने जतन करावी लागते, आणि तेव्हा तारखांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. त्याचं कारण पुढे येतं.

मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर दोन शक्यता असतात. फाइल यूटीएफ-८ असून वाचताना तसं सांगितलं नसेल, तर रीड डॉट सीएसव्ही या फाइल वाचायच्या आज्ञेत फाइलएन्कोडिंग ('एन्कोडिंग'चा ई मोठा) यूटीएफ-८ द्यायचं. पहिल्याच स्तंभाच्या नावाआधी विचित्र चिन्हं चिकटली असतील तर यूटीएफ-८-बीओएम द्यायचं (अक्षरं मोठी). दुसरी शक्यता आपल्याकडच्या कार्यालयांत फार दिसते: मजकूर कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. तिथे एन्कोडिंग कितीही बदला, काही होणार नाही. त्या फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. आधी फॉन्ट-परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

सरकारी तक्त्यात वर दोन-तीन ओळींचं शीर्षक असतं. त्या ओळी वाचायच्या आज्ञेतच स्किपने वगळा. खाली 'एकूण' अशी ओळ असते, ती काढायला नवशिके विसरतात. मग शेवटच्या दिवशी अख्ख्या हंगामाचा पाऊस एकदम पडलेला दिसतो.

आकडा आहे की मजकूर?

फाइल आत आली की आलेखाकडे धावू नका. एसटीआर ही आज्ञा चालवा. प्रत्येक स्तंभापुढे त्याचा प्रकार येतो. पावसापुढे 'एनयूएम' किंवा 'आयएनटी' हवं. 'सीएचआर' आलं तर आरने तो स्तंभ मजकूर मानलाय. शंभरातल्या एका खान्यात जरी अक्षर असलं तरी पूर्ण स्तंभ मजकूर होतो.

कारणं ठरलेली आहेत. भावाच्या स्तंभात '७,१५०' असा स्वल्पविराम असतो. तो जीसब या आज्ञेने काढून टाका. कुणीतरी मोबाइलवरून देवनागरी आकडे भरलेले असतात. आपल्याला ते आकडेच वाटतात, आर मात्र त्यांना अक्षरं समजतं. त्यावर सीएचएआरटीआर ही आज्ञा नेमकी उपयोगी पडते: पहिल्या अवतरणात शून्य ते नऊ देवनागरीत, दुसऱ्यात त्याच क्रमाने इंग्रजीत, आणि तिसऱ्या जागी स्तंभ. त्यानंतर मजकुराचा आकडा करणारी ॲज डॉट न्यूमेरिक. 'एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन' असा इशारा आला तर काही खाने वाचता आलेले नाहीत. ते कोणते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बदललेला स्तंभ नव्या नावाने ठेवा म्हणजे जुना शेजारी ठेवून ताडता येतो.

२०२०मध्ये आलेल्या ४.०च्या आधीची आज्ञावली कुठून उचलली असेल तर आणखी एक धोका आहे. तेव्हा रीड डॉट सीएसव्ही मजकुराला आपोआप 'फॅक्टर', म्हणजे ठरावीक नावांची क्रमांक लावलेली यादी, करायचं. फॅक्टरवर थेट ॲज डॉट न्यूमेरिक चालवलं की पावसाचे मिलिमीटर मिळत नाहीत, आरच्या आतल्या यादीतले अनुक्रमांक मिळतात. तेही आकडेच दिसतात, त्यामुळे शंका येत नाही. फॅक्टर दिसला तर आधी ॲज डॉट कॅरेक्टर करा, मग आकडा.

आता या टप्प्यातला सगळ्यात नाजूक मुद्दा. पावसाच्या तक्त्यात 'निरंक' लिहिलेलं असतं, 'अप्राप्त' लिहिलेलं असतं आणि कुठे नुसती आडवी रेघ असते. निरंक म्हणजे पाऊस मोजला आणि तो शून्य भरला. अप्राप्त म्हणजे नोंदच मिळाली नाही. पहिल्याचं शून्य करायचं, दुसऱ्याचं एनए (दोन्ही अक्षरं मोठी), म्हणजे आरच्या भाषेत 'माहिती नाही'. रेघेचा अर्थ ज्याने तक्ता भरला त्याला विचारून घ्यायचा. सगळ्यांना सरसकट शून्य केलं तर यंत्र बंद पडलेला आठवडा कोरडा आठवडा ठरतो. सगळ्यांना एनए केलं तर खरा खंड गायब होतो. संगणक इथे काही मदत करू शकत नाही, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

तारीख

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थांबून वाचा.

आपण ०५/०७/२०२३ लिहितो तेव्हा ५ जुलै म्हणतो. आरला हे माहीत नसतं. ॲज डॉट डेट या आज्ञेला ('डेट'चा डी मोठा) तुम्ही रचना सांगितली नाही, तर ती आधी वर्ष-महिना-दिवस असा क्रम धरते. आपली तारीख तिच्यासमोर आली की ती '०५'ला वर्ष मानते, '०७'ला महिना, आणि '२०२३'मधले पहिले दोन आकडे घेऊन २० तारीख करते. उत्तर येतं: सन ५, जुलै २०. चूक येत नाही, इशारा येत नाही. पूर्ण फाइलीतल्या तारखा सन १ ते सन ३१च्या दरम्यान आणि प्रत्येक महिन्याच्या २० तारखेला पडलेल्या दिसल्या, तर हेच झालंय असं समजा.

म्हणून रचना नेहमी स्वतः सांगा. फॉरमॅटमध्ये टक्का-डी, तिरकी रेघ, टक्का-एम, तिरकी रेघ, टक्का-मोठा वाय. डी आणि एम लहान हवेत. मोठा एम म्हणजे मिनिटं, त्याने महिना वाचलाच जात नाही. वाय मोठा असेल तर चार आकडी वर्ष, लहान असेल तर दोन आकडी. लहान वाय देऊन २०२३ वाचायला लावलं तर आर त्यातले '२०' घेतं, उरलेले आकडे सोडून देतं, आणि सगळी फाइल २०२० सालात जाते. 'माझ्याकडे तीन वर्षांचे भाव आहेत आणि आलेखात एकच वर्ष दिसतंय' या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. दोन आकडी वर्षांत ०० ते ६८ म्हणजे २०००च्या पुढचं आणि ६९ ते ९९ म्हणजे १९००च्या पुढचं, हेही लक्षात असू द्या. जुन्या जन्मतारखा वाचताना उपयोगी पडतं.

ही टक्क्यांची भाषा जड वाटत असेल तर ल्युब्रिडेटमधली डीएमवाय ही आज्ञा वापरा. नावातच दिवस, महिना, वर्ष असा क्रम आहे. मध्ये रेघ असो, टिंब असो की तिरकी रेघ, तिला चालतं. किती तारखा वाचता आल्या नाहीत तेही ती सांगते. नवशिक्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

महिन्याचं नाव इंग्रजी तीन अक्षरांत असलेल्या फाइलींना टक्का-बी लागतो. तुमच्या संगणकाची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवलेली असेल तर ती इंग्रजी नावं ओळखली जात नाहीत आणि सगळं एनए होतं. सिस डॉट सेटलोकेल चालवून (पहिला एस मोठा) एलसी-टाइमला (सगळी अक्षरं मोठी) मोठा सी द्या, मग नावं वाचली जातात.

आता एक्सेल. समजा पावसाची फाइल अशा संगणकावर उघडली गेली जिथे तारखेची मांडणी अमेरिकी आहे, म्हणजे महिना आधी. एक्सेलला '०५/०७/२०२३' दिसतं, ते ७ मे समजतं आणि तसं साठवतं. '२२/०७/२०२३' दिसलं की बाविसावा महिना नसल्यामुळे तो खाना मजकूर म्हणून सोडून देतं. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. त्यातले महिन्याच्या १ ते १२ तारखेचे ४८ दिवस उलटतात आणि उरलेले ७४ मजकूर राहतात. उलटलेल्या ४८पैकी ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर हे चारच योगायोगाने बरोबर निघतात.

यातून आलेखात काय दिसतं ते ओळखायला शिका. जानेवारी ते डिसेंबर प्रत्येक महिन्यात बरोबर चार खांब, तेही ६, ७, ८ आणि ९ तारखेलाच. आणि ७४ दिवस गायब. २२ जुलै २०२३ला यवतमाळ शहरात आणि जिल्ह्याच्या काही भागांत अतिवृष्टी होऊन पूर आला होता. ती नोंद नेमकी मजकूर राहिलेल्या ७४मध्ये असते. म्हणजे ज्या पावसासाठी आलेख काढायला घेतला, तोच आलेखात नाही.

अशी फाइल रीडएक्सएलने वाचली की मिश्र स्तंभ मजकूर म्हणून येतो. काही खान्यांत '२२/०७/२०२३' असतं, काहींत '४५,०५३'सारखा पाच आकडी क्रमांक, अर्थात स्वल्पविरामाशिवाय. हा एक्सेलचा दिवसक्रमांक. आरसुद्धा तारखा क्रमांकानेच साठवतं, पण त्याची मोजणी १ जानेवारी १९७०ला शून्य धरून होते. २२ जुलै २०२३ म्हणजे आरसाठी १९,५६० आणि एक्सेलसाठी ४५,१२९. सध्याच्या वर्षांसाठी खूण सोपी आहे: एकोणीस-वीस हजारांचा आकडा दिसला तर तो आरचा, पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा दिसला तर एक्सेलचा. एक्सेलचा आकडा आरची मोजणी समजून वाचला तर आलेख २०९३ सालात पोचतो.

एक्सेलचा क्रमांक बदलताना ॲज डॉट डेटमध्ये ओरिजिन ३० डिसेंबर १८९९ द्यायचा. ही विचित्र तारीख येते कुठून? एक्सेल १ जानेवारी १९००ला एक म्हणतं. शिवाय ते १९०० हे लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या कार्यक्रमातली ही चूक एक्सेलने जुळवून घेण्यासाठी तशीच ठेवली. हे दोन्ही दिवस वळते करून सुरुवात ३० डिसेंबर १८९९ला जाते. (आरची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २०००ला निघाली. तो दिवस मात्र खरोखर अस्तित्वात होता.) काही जुन्या मॅकवर बनलेल्या फाइली १९०४पासून मोजतात. तारखा साधारण चार वर्षं मागे दिसल्या तर हे आठवा.

उलटलेल्या फाइलीची खरी दुरुस्ती म्हणजे मूळ फाइल पुन्हा मिळवणं आणि एक्सेलमध्ये न उघडता थेट आरमध्ये घेणं, तारखेचा स्तंभ कॉलक्लासेसमधून ('क्लासेस'चा सी मोठा) मजकूर म्हणून मागवणं. मूळ मिळतच नसेल तर दोन गट वेगळे करा. मजकूर राहिलेल्या ओळी दिवस-महिना-वर्ष म्हणून वाचा. क्रमांक झालेल्या ओळी आधी तारीख करा, मग फॉरमॅट आज्ञेने त्यांचा दिवस आणि महिना अदलाबदल करून पुन्हा तारीख बनवा. नंतर दोन्ही गट आरबाइंडने जोडा. हे काम इफएल्स आज्ञेने एका ओळीत करायचा मोह होतो, पण इफएल्स तारखेपण काढून टाकतं आणि परत नुसते १९,५६०सारखे आकडे हातात येतात.

तारखा नीट आल्या हे कसं समजायचं? मी तीन गोष्टी पाहतो. रेंज चालवून पहिली आणि शेवटची तारीख: १ जून आणि ३० सप्टेंबर यायला हव्यात. एनए किती आहेत, तो आकडा. आणि नुसत्या तारखेच्या स्तंभावर प्लॉट. फाइल दिवसाच्या क्रमाने असेल तर ठिपके एका सरळ चढत्या रेषेत येतात. उलटलेल्या तारखा या रेषेतून अशा बाहेर उडतात की शोधाव्या लागत नाहीत.

त्यानंतर आठवणीशी ताडून पाहा. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तुमच्या आलेखात त्या महिन्यात मुबलक पाऊस दिसत असेल तर आधी फाइलीवर संशय घ्या. गावातली जुनी माणसं इथे फार कामाची असतात. 'पोळ्याच्या आधी पाणी होतं का?' असं विचारलं तर ती अचूक सांगतात.

आणखी एक बारकावा. हवामान विभागाच्या पद्धतीत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचा तो पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. १५ तारखेपुढे लिहिलेला पाऊस बराचसा १४ तारखेचा असू शकतो. शेतकऱ्याची वही आणि केंद्राची नोंद एका दिवसाने हुकते ती यामुळे. दोन्हीपैकी कुणी खोटं नसतं. त्यांची तुलना करायची असेल तर एका स्तंभातून एक दिवस वजा करा आणि तसं आलेखाखाली लिहा.

स्वयंचलित हवामान केंद्राची तासागणिक फाइल असेल तर वेळक्षेत्र स्पष्ट द्या, एशिया तिरकी रेघ कोलकाता (ए आणि के मोठे). फाइल जागतिक वेळेत असेल तर आपल्याकडे रात्री दोनला पडलेला पाऊस तिच्यात आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठला लिहिलेला असतो, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत.

आता आलेख

'सर, आलेख निघूनच नाही राहिला' असा फोन आला की मी आलेखाबद्दल काही विचारत नाही, एसटीआरचा निकाल मागतो. कारण आलेखाच्या तक्रारींतल्या बहुतेक वरच्या टप्प्यांवरच्या असतात.

आडव्या अक्षावर काळ्या अक्षरांचा गिचका दिसला, किंवा १ जूननंतर १ जुलै, १ ऑगस्ट असा क्रम लागला, तर तारीख अजून मजकूर आहे. उभ्या अक्षावर १०, १००, २, २५ असा क्रम दिसला तर पाऊस मजकूर आहे. 'इच ग्रुप कन्सिस्ट्स ऑफ ओन्ली वन ऑब्झर्व्हेशन' असं म्हणून जीजीप्लॉटने रेषा काढलीच नाही, तरी बहुधा तेच कारण. ग्रुपला एक देऊन रेषा निघते खरी, पण तारखांचा क्रम चुकलेलाच राहतो. म्हणून तो उपाय करू नका, तारीख दुरुस्त करा.

'रिमूव्ड ७४ रोज' असा इशारा आला तर तो वाचा. चौऱ्याहत्तर कुठून आले हे आता तुम्हाला सांगता येईल.

एक फसवी जागा सांगायलाच हवी. आलेख आटोपशीर दिसावा म्हणून कुणी उभ्या अक्षाची मर्यादा ठरवणाऱ्या वायलिममध्ये शून्य ते शंभर देतं. जीजीप्लॉटमध्ये वायलिम नुसतं दृश्य कापत नाही, मर्यादेबाहेरच्या ओळीच काढून टाकतं. शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झालेल्या दिवसाचा खांब अर्धा कापला जात नाही, पूर्ण नाहीसा होतो. पुराच्या दिवशी आलेखात शून्य. मर्यादा घालायचीच तर कोऑर्ड-कार्टेशियनच्या आत घाला. त्याने फक्त दृश्य बदलतं, आकडे तसेच राहतात.

रोजचा पाऊस खांबांनी दाखवा, जिओम-कॉल वापरून. रेषा काढली तर दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांतही काहीतरी उतरतंय-चढतंय असा भास होतो. ६५ मिलिमीटरवर एक आडवी रेषा टाका. राज्यात महसूल मंडळाची अतिवृष्टी याच आकड्याने ठरते, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच संदर्भ मिळतो. हंगामाचा साठत जाणारा पाऊस मात्र रेषेनेच शोभतो. तो कमसम या आज्ञेने निघतो. त्यात एक एनए आला की तिथून पुढचं सगळं एनए होतं आणि रेषा मध्येच तुटते. ती जोडण्यासाठी गुपचूप शून्य भरू नका. किती दिवसांची नोंद नाही ते आलेखावर लिहा.

फाइलीत काही तारखांच्या ओळीच नसतील तर रेषा त्या फटीवरून सरळ उडी मारते आणि फट दिसत नाही. एसईक्यू या आज्ञेने १ जून ते ३० सप्टेंबर अशा सगळ्या तारखा तयार करा आणि आपली फाइल त्यांना मर्जने जोडा, ऑल डॉट एक्स ट्रू ('ट्रू'ची सगळी अक्षरं मोठी) ठेवून. नसलेले दिवस एनए म्हणून उघडे पडतात.

कापसाच्या भावाचं गणित वेगळं. बाजार बंद असलेल्या दिवशी फाइलीत शून्य भाव असेल तर त्याचं एनए करा, नाहीतर रेषा दर रविवारी जमिनीला टेकते. सर्वसाधारण दराची रेषा काढा आणि हमीभावाची आडवी रेषा सोबत द्या: लांब धाग्याच्या कापसासाठी २०२३-२४ला क्विंटलमागे ७,०२० रुपये, २०२४-२५ला ७,५२१ रुपये. कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं. महिने जानेवारीपासून मांडले तर एकच हंगाम दोन तुकड्यांत दोन टोकांना जातो. महिन्याच्या स्तंभाचा फॅक्टर करा आणि लेव्हल्समध्ये ऑक्टोबरपासून क्रम द्या. क्रम दिला नाही तर आर महिने वर्णानुक्रमे लावतं आणि इंग्रजी नावांत एप्रिल पहिला येतो.

'फिगर मार्जिन्स टू लार्ज' ही चूक आली तर आकडेवारीत काही बिघाड नाही, आरस्टुडिओतली आलेखाची चौकट लहान झालीय. ती ओढून मोठी करा.

आलेखावर मराठी हवं असेल आणि चौकोन दिसत असतील, तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल द्या. अक्षरं आली पण पहिली वेलांटी चुकीच्या जागी, जोडाक्षरं फुटलेली असं असेल, तर दोष चित्र बनवणाऱ्या साधनाचा आहे. रॅग हे पॅकेज बसवा आणि आलेख जतन करणाऱ्या जीजीसेव्हच्या डिव्हाइसमध्ये त्याचं एजीजी-पीएनजी द्या. पीडीएफच हवी असेल तर साध्या पीडीएफऐवजी कैरो-पीडीएफ वापरून पाहा.

अडलात तर

मदत मागताना मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो पाठवू नका. एसटीआरचा निकाल, चुकीचा पूर्ण संदेश आणि हेडने काढलेल्या पहिल्या काही ओळींवर डीपुट चालवून आलेला मजकूर पाठवा. डीपुटमधून समोरच्याला तुमची आकडेवारी प्रकारांसह जशीच्या तशी मिळते, तो ती आपल्या संगणकावर चालवून पाहू शकतो. फाइल उत्पादक कंपनीची असेल तर पाठवण्याआधी शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, आधार, गट क्रमांक आणि बँक खात्याचे स्तंभ काढून टाका. पाऊस आणि भाव दुरुस्त करायला त्यांची गरज पडत नाही.